मुळं नसलेल्यांची मुळं

अकरावीची पोरं रायझोपसची, म्हणजे पावावरच्या बुरशीची, आकृती काढतात तेव्हा खालच्या बाजूला हटकून जाडजूड मुळं काढतात, मधे सोटमूळ, बाजूला फाटे. मॅडम लाल पेनाने त्यावर काट मारतात, अर्धा गुण जातो आणि विषय तिथेच मिटतो. मी प्रयोगशाळा सहायक. गुण देणं-कापणं माझ्याकडे नाही, पण ती बुरशी वाढवायचं काम माझं. त्यामुळे दर पावसाळ्यात त्या मुळांच्या जितकी जवळ मी जाते तितकं वर्गातलं कोणी जात नाही.

ती खरी मुळं नव्हेत, पुस्तकात त्यांना रायझॉइड म्हणतात; तुम्ही त्या अवयवाला काय म्हणायचं ते म्हणा. पोरांना वाटतं की त्याचं काम झाडाच्या मुळासारखंच असणार, आणि तिथे खरी गोची आहे. झाडाचं मूळ झाडाला आयुष्यभर एका जागी बसवून ठेवतं. बुरशीला मुळासारखं जे काही फुटतं ते बहुतेक वेळा पुढची जागा गाठायला फुटतं. इथलं अन्न संपत आलंय, पुढचं कुठेतरी पलीकडे आहे, मधे नुसती काच, माती नाहीतर हवा आहे, ती कशी ओलांडायची? हे एकदा लक्षात घेतलं की पावावरच्या बुरशीपासून वारुळावरच्या अळंब्यांपर्यंत सगळं एका धाग्यात लागतं.

आमचं ज्युनियर कॉलेज वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून फार आत नाही. जून लागला की इथे बुरशी वाढवायला खटपट करावी लागत नाही, वाढू नये म्हणून करावी लागते. पाव मात्र नाक्यावरच्या बेकरीतला घ्यायचा. पाकिटातल्या ब्रेडमध्ये कॅल्शियम प्रोपिओनेट असतं, त्याला आठवडा झाला तरी ढिम्म काही होत नाही. बेकरीतला पाव पाणी शिंपडून थोडा वेळ उघड्यावर ठेवायचा, मग काचेच्या बरणीत घालून झाकण सैल लावायचं. एक-दोन दिवसांत पांढरी लव दिसते. त्यानंतर तिच्यावर बारीक काळे ठिपके येतात. ते बीजाणुधानीचे गोळे. एकेकात हजारो बीजाणू.

पोरं बघतात ती पावावरची लव. मी बघते ती बरणीची काच, कारण खरी गंमत तिथे. पावावरून एक जाडसर तंतू निघतो, हवेत कमान करून झुकतो आणि काचेला टेकतो. टेकला त्या ठिकाणी खाली बारीक तपकिरी फाटे फुटतात आणि त्याच ठिकाणाहून वर तीन-चार दांडे उभे राहतात, टोकाला काळे गोळे घेऊन. मग तिथूनच पुढची कमान निघते. रताळ्याचा वेल जमिनीला टेकेल तिथे मूळ धरत पुढे जातो, अगदी तसं. काचेवर खायला काही नाही. तरी ते फाटे फुटतात, कारण त्यांचं पहिलं काम धरून राहण्याचं. पावावर टेकले असते तर आत शिरून खायलाही लागले असते. ह्या आडव्या धावणाऱ्या तंतूला स्टोलॉन म्हणतात, आणि पावावरच्या नेहमीच्या जातीचं नावच रायझोपस स्टोलोनिफर.

स्लाइड करायची तर पावावरची लव चिमटीने ओढू नका, सगळा गुंता हातात येतो. काचेवरून चढलेला एखादा तंतू सुईने अलगद सोडवा, लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू ह्या निळ्या रंगाच्या थेंबात ठेवा आणि कव्हर स्लिप तिरकी धरून हळू सोडा. आपटली की गोळे फुटतात आणि मग स्लाइडभर नुसते बीजाणू दिसतात. नीट जमली तर एका दृष्टिक्षेपात तिन्ही गोष्टी मिळतात: आडवा तंतू, खालचे फाटे, वरचे दांडे. आणखी एक लक्षात येतं. तंतूला आतून भिंती नाहीत. ह्या गटातल्या बुरशीत तंतूच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ एकच पोकळी असते. जिवंत तंतू नुसत्या पाण्यात ठेवून बघितला तर आतले कण वाहताना दिसतात. मागच्या पावातलं अन्न पुढच्या कमानीला असं पोचतं.

तंतू वाढतो फक्त टोकाला. मागचा भाग लांबत नाही. टोक आतल्या पाण्याच्या दाबाने पुढे रेटलं जातं, भिंतीचा नवा माल टोकाशीच येऊन लागतो. त्याच टोकातून पाचक रस बाहेर सोडले जातात. आपण गिळून मग पचवतो, बुरशी आधी बाहेर पचवते आणि मग शोषून घेते. म्हणून पावाच्या वरच्या कोपऱ्यात बुरा दिसला की ‘तेवढा तुकडा काढ आणि बाकीचा भाज’ हे सांगणाऱ्या आमच्या घरातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना माझं एकच उत्तर असतं. काळं दिसतंय ते शेवटचं पाऊल आहे, तंतू आतून कधीच पुढे गेलेत. पावासारख्या मऊ, भोकाभोकांच्या पदार्थाला तर ते अगदीच लागू. टाकून द्या.

२०२१ साली ह्याच रायझोपसमुळे माझा फोन दिवसभर वाजत होता. काळ्या बुरशीची साथ आली होती. भारतातल्या म्युकरमायकोसिसच्या रुग्णांत सगळ्यांत जास्त वेळा सापडते ती रायझोपस अ‍ॅऱ्हायझसही ह्याच घराण्यातली. कांद्यावर काळं दिसलं तर खायचा का, फ्रिजच्या रबराला काळं धरलंय तर काय करू, असे प्रश्न. व्हॉट्सअ‍ॅपवर तसे फोटो फिरत होते. कांद्यावरची काळी पूड अ‍ॅस्परजिलस नायजरची, तिचा ह्या आजाराशी संबंध नव्हता. रायझोपसचे बीजाणू हवेत बारा महिने असतात, आपण सगळेच ते श्वासातून घेतो. रक्तातली साखर हाताबाहेर गेलेली आणि वर स्टेरॉइड चाललेली असतील तेव्हा त्यांचे तंतू रक्तवाहिन्यांत घुसतात, रक्तपुरवठा तुटतो आणि मेलेला भाग काळा पडतो. काळा रंग बुरशीचा नव्हताच. प्रयोगशाळेत वाढवल्यावर ती रायझोपस की म्युकर नावाची दुसरी बुरशी हे ठरवताना जे बघतात तेच आमच्या जर्नलमधले फाटे: रायझोपसला ते असतात, दांड्यांच्या बरोब्बर खाली, आणि म्युकरला नसतात. त्या वर्षीच्या बॅचने आकृती फारच काळजीपूर्वक काढली होती.

बुरशीशी माझं पक्कं वैर एकाच ठिकाणी आहे, मायक्रोस्कोपच्या भिंगांवर. दमट हवेत भिंगावर एखादा बीजाणू बसतो, बोटांचा तेलकटपणा आणि धूळ एवढ्यावर भागवतो, आणि एका बिंदूपासून चारी बाजूंना फाटत जाणारे इतके नाजूक तंतू पसरवतो की ते भिंग खराब झाल्याचं दुःख व्हायच्या आधी मी दोन मिनिटं बघतच राहते. लवकर पुसलं तर सुटतं. उशीर झाला तर त्यांच्यातून पाझरणाऱ्या आम्लाने भिंगावरचा लेप खाल्ला जातो आणि खुणा कायमच्या राहतात. म्हणून मे संपायच्या आत सगळी भिंगं डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि मायक्रोस्कोपच्या कपाटात लहान पिवळा बल्ब चोवीस तास चालू. जेल निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर भाजून परत निळं करायचं. बल्ब नको म्हणून कोणी वीजबिलाचं कारण पुढे केलं की मी एक खुणा उठलेलं भिंग काढून दाखवते.

घरी परसात फणस आहे. थंडी सरताना झाडाखाली बोटाएवढे काळे, लव धरलेले तुकडे पडतात आणि ‘कुयऱ्या (कोवळे फणस) गळतायत, दृष्ट लागली’ म्हणून मिरच्या ओवाळल्या जातात. पडतात ते बहुतेक नर फुलोरे. त्यांचं परागाचं काम झालं की त्यांनी पडायचंच असतं, आणि पडताना किंवा पडायच्या आधीच त्यांच्यावर रायझोपस आर्टोकार्पी बसते. तिथपर्यंत ठीक. पण ते सडके फुलोरे फांदीवर तसेच लटकत राहिले आणि शेजारच्या कोवळ्या कुयरीला टेकले, तर बुरशी तिच्यावर जाते, आणि मग भाजीची कुयरी खरोखरच काळी पडून गळते. सासरे ओवाळणी झाल्यावर आकडीने ते काळे फुलोरे ओढून काढतात, गोळा करून लांब खड्ड्यात टाकतात. मिरच्यांनी किती फरक पडतो ते देव जाणे, आकडीने नक्की पडतो.

आता जरा मोठ्या प्रवासाकडे. एकेकटा तंतू फार लांब जाऊ शकत नाही, उघड्यावर सुकतो. काही जातींनी ह्यावर तोड काढली आहे. हजारो तंतू एकमेकांना चिकटून एक दोरी करतात, बाहेरून काळी कडक साल, आतून पाणी आणि हवा वाहायला मोकळी वाट. दोरी टोकाला वाढते, खायला काही नसलेल्या जागेतूनही पुढे जाते, मागच्या ठिकाणचं अन्न पुढे पुरवते. रायझोमॉर्फ तो हाच. आमच्या देवराईत पावसाळ्यात कुजक्या पानांच्या थरातून असे काळे चकचकीत धागे वर आलेले दिसतात, बघणाऱ्याला कोणाचे तरी केस वाटतात. उष्ण प्रदेशातल्या रानांत मॅरास्मियस नावाच्या छोट्या छत्र्यांचे हे धागे पक्षी घरट्याला वापरतात. चिवट असतात, भिजून कुजत नाहीत.

ह्या दोऱ्यांचा पराक्रम बघायचा तर अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जावं लागेल. तिथल्या मालुर जंगलात आर्मिलारिया ऑस्टोये नावाच्या बुरशीचा एकच जीव सुमारे ९६५ हेक्टरवर जमिनीखाली पसरलेला आहे आणि त्याचं वय दोन हजार वर्षांच्या वर धरतात. काळ्या दोऱ्यांनी आणि मुळांशी मूळ लागलं तिथून तो एका सूचिपर्णी झाडावरून दुसऱ्यावर जातो आणि झाडं मारतो. तो सगळा एकच, हे कसं कळलं? लांबलांबच्या ठिकाणांहून बुरशी आणून एकाच बशीत समोरासमोर वाढवायची. परकी असेल तर दोघींच्या मधे रेघ पडते. एकच असेल तर तंतू सरळ मिसळतात. डीएनए नंतर आलाच, पण बशीची परीक्षा मला जास्त आवडते, ती आमच्या कपाटातल्या सामानातही होईल.

आपल्याकडे ह्याची आठवण ठेवावी ती रबर लावणाऱ्यांनी. दोडामार्गाकडे रबर आता चांगलंच दिसतं. श्रीलंका, मलेशिया, पश्चिम आफ्रिका इथल्या रबरबागांना रिगिडोपोरस मायक्रोपोरस ह्या बुरशीने फार सतावलं आहे. जंगल तोडून बाग केली की जुन्या झाडांची बुंधं जमिनीत राहतात, बुरशी त्यांच्यावर जगते, आणि पांढरट-पिवळसर धागे मुळांवरून नव्या कलमापर्यंत पोचतात. झाड वरून पिवळं दिसेपर्यंत खाली काम संपलेलं असतं. म्हणून बुंधं मुळासकट काढणं हाच पहिला उपाय.

(‘झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात’ हा मेसेज मला दर महिन्याला कोणीतरी पाठवतं. झाडांच्या मुळांना बुरशी लागलेली असते, त्यात देवघेव होते, हे पक्कं आहे. १८८५ मध्ये फ्रांक ह्या जर्मन शास्त्रज्ञाने त्या जोडीला मायकोऱ्हायझा हे नाव दिलं. पण बोलणं, आईने पोरांना भरवणं वगैरे जे सांगतात त्याला रानातले पुरावे फार थोडे आहेत, असं त्याच क्षेत्रातल्या तिघांनी २०२३ मध्ये सगळे अभ्यास तपासून लिहिलं. त्यामुळे कृपया पाठवू नका.)

आणि आता अळंबी. कोकणातल्या माणसाला बुरशीबद्दल एवढं सगळं वाचायला लावून अळंब्यांवर न येणं पाप आहे.

मृग-आर्द्रा सरता सरता वारुळांवर, ज्याला आमच्याकडे रोवण म्हणतात, अळंबी येतात. हायवेच्या कडेला बायका पानांवर वाटे लावून बसतात आणि भाव विचारला की तोंडाकडे बघून सांगतात. श्रावणात मटण बंद, त्यामुळे भाजक्या खोबऱ्याचं वाटप लावून केलेली अळंबी म्हणजे पळवाटच. ती साफ करायला घेतली की दिसतं की दांडा जमिनीपाशी संपत नाही. खाली निमुळता होत, माती धरत, खूप लांब जातो. कधी बोटभर, कधी हातभर. आमच्या सासूबाई ह्याला मूळच म्हणतात, आणि त्यांचा नियम ठरलेला आहे: ‘मुळासकट काढू नको गो, फुडच्या वर्साक येवची नाय.’

एका पावसाळ्यात पायवाट कापताना बांधाचा कोपरा खणला गेला आणि ते मूळ कुठे जातं ते अख्खं बघायला मिळालं. वरून छत्री. टोपीच्या मधोमध एक कडक, टोकदार, गडद उंचवटा. ह्याने ती जमीन फोडून वर येते. खाली दांडा, आणखी खाली ते शेपूट, आणि त्याचा शेवट एका पोकळीत, तपकिरी, हलक्या, भोकाभोकांच्या एका गड्ड्यावर. गड्ड्यावर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे दाणे, आणि सगळीकडे धावणारी वाळवी. हा गड्डा म्हणजे वाळवीची शेती. ती वाळकी पानं, लाकूड खाते, त्याची विष्ठा रचून हा गड्डा करते आणि त्यात टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढवते. बुरशी लाकूड मऊ करते, वाळवी ते आणि ते पांढरे दाणे खाते. ही भागी आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली असं मानतात. माणसाला ही बुरशी अजून धंद्याच्या पातळीवर लावता आलेली नाही, म्हणून तर वाट्याचा भाव तोंड बघून ठरतो.

तर ते मूळ मूळ नाही, ते खालून वर आलेलं आहे. गड्डा जमिनीत हातभर खोल, बीजाणू उडायचे हवेत, मधे नुसती माती. तेवढं अंतर काटायला ते शेपूट. जिथे वाळवी स्वतःच जुन्या गड्ड्याचे तुकडे बाहेर आणून टाकते तिथे त्यांच्यावर शेकड्यांनी बारीक अळंबी उगवतात आणि त्यांना हे शेपूट नसतंच. अंतरच नाही, तर कशाला असेल.

एक सूचना करून ठेवते. लांब मूळ दिसलं म्हणजे खायची, असं समजू नका. मातीत पुरलेल्या कुजक्या लाकडावरून येणाऱ्या दुसऱ्या छत्र्यांनाही असंच लांब बूड असतं. रुप्याचं नाणं काळं पडतं का, भात लाल होतो का, ह्या परीक्षाही खोट्या. ओळखणारं माणूस नसेल तर वाटा घ्या, रानात जाऊ नका.

सासूबाईंचा नियम बरोबर का? शेपूट ओढून तोडलं तर गड्ड्याला काही होत नाही, बुरशी गड्ड्यात असते. पण शेपटामागे लागून खणत गेलात तर वारूळ फुटतं, वाळवी ती खोली सोडते, आणि सोडलेल्या गड्ड्यावर झायलेरिया नावाची दुसरी बुरशी काळ्या काड्या काढते. मग पुढच्या वर्षी त्या जागी अळंबी खरंच येत नाहीत. म्हणजे नियम पाळावा. दांडा जमिनीलगत कापावा.

मला खटकतं ते वेगळंच. बाजारात भाव कळ्यांना, म्हणून लोक पहाटे जाऊन न उमललेली सगळी अळंबी नेतात. पहिल्या पावसात दिव्याभोवती पंख गाळणारी वाळवी आठवा. त्यातल्या एखाद्या जोडीने नवं वारूळ घातलं तरी बऱ्याच जातींत बुरशी बरोबर नेलेली नसते. काही आठवड्यांनी त्यांची पहिली कामकरी पोरं बाहेर पडतात आणि पालापाचोळ्याबरोबर उमललेल्या छत्र्यांचे सांडलेले बीजाणू गोळा करून नेतात. त्याच सुमाराला अळंबी वर आलेली असतात. तेव्हा एकही छत्री उमलू दिली नाही तर त्यांनी न्यायचं काय?

हे मी वाडीत सांगितलं तेव्हा शेजारचे काका म्हणाले, ‘मी ठेवतलंय आनि दुसरो नेतलो.’ खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण पूर्ण उमललेल्या छत्रीत दुपारपर्यंत अळ्या होतात, ती विकतही नाही आणि शिजवतही नाही कोणी. निदान ती तरी उपटून फेकू नका, एवढंच माझं मागणं होतं. काकांनी आपल्या बांधावरच्या दोन ठेवल्यात म्हणे.